अ‍ॅटनबरोंवर म्युझियममध्ये चर्चा ठेवताय? खान्देशात ती रंगवायची कशी

टीव्हीवर निसर्गाच्या मालिका करणारे ब्रिटिश निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो, त्यांच्यावर पॅनल चर्चा ठेवायची म्हटलं की आपल्याकडं ठरलेलं असतं, कुणीतरी नेटवरून चरित्र उतरवून आणतो, १९२६ चा जन्म, १९५२ ला बीबीसीत, मग ही मालिका मग ती मालिका, असं करत अर्धा तास जातो आणि मागच्या रांगेतली पोरं मोबाईल काढून बसतात. चरित्र एका पानावर छापा आणि खुर्च्यांवर ठेवून द्या, ज्याला वाचायचं तो वाचेल. स्टेजवर एकच प्रश्न ठेवा: ह्या माणसाच्या कार्यक्रमांमुळं आपली, म्हणजे जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांची, जंगलाकडं बघायची नजर बदलली का, आणि बदलली असेल तर चांगलीच बदलली का?

आधी तारीख. त्यांचा वाढदिवस ८ मे, त्यामुळं सगळ्यांना तोच दिवस सुचतो. पण भो, मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकलेला, लग्नाची तिथ वेगळी, आणि ऐन वेळी लाईट गेली तर हॉलमध्ये कोण थांबणार? त्यापेक्षा नोव्हेंबर धरा. ५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्लींची जयंती आणि १२ ला सालीम अलींची, म्हणजे निमित्त आयतंच मिळतं. हतनूर धरणावर बाहेरचे पक्षीही यायला लागलेले असतात. फक्त दिवाळी कधी येतेय ते बघून घ्या, सुट्ट्यांत कॉलेजची पोरं गावाला गेलेली असतात.

पॅनलवर तिघं आणि बोलतं करणारा एक, बास. पाच प्रोफेसर बसवले की पाच भाषणं होतात, चर्चा होत नाही. माझ्या मते एक वनरक्षक हवा, यावल किंवा अनेर अभयारण्याकडचा मिळाला तर उत्तमच, एक सातपुड्यातला पावरा नाहीतर भिल्ल माणूस जो जंगलातच वाढलाय, आणि एक रील बनवणारी किंवा वाइल्डलाइफ फोटोग्राफी करणारी पोरगी. शास्त्रज्ञ मिळाला तर त्याला प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसवा, अडलं की त्याच्याकडं माईक द्यायचा. वनरक्षकाला यायला साहेबांची परवानगी लागते, तेव्हा पत्र महिनाभर आधी द्या, आदल्या दिवशी फोन करून उपयोग नाही.

आता क्लिपचं. बीबीसीचे तुकडे डाउनलोड करून पडद्यावर लावायची सवय सोडा, हक्कांचा प्रश्न येतो आणि म्युझियमवाले ऐनवेळी घाबरतात. त्याऐवजी इथल्याच कुणाकडून हतनूरच्या एखाद्या बगळ्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. पहिल्यांदा तो आवाज बंद करून दाखवा. बगळा उभा आहे, उभाच आहे, मान किंचित पुढं, एक पाय हळूच उचलून ठेवला, झटकन चोच पाण्यात, मासा. मग तोच व्हिडिओ परत लावायचा आणि पॅनलवरच्या एकानं तिथल्या तिथं बोलायचं, जमलं तर अहिराणीत, 'दखा, आते तो कसा दखी राहिना' असं. कॉमेंट्रीनं बघणं कसं बदलतं हे सांगायला ह्याहून वेगळं भाषण लागत नाही. आणि लगेच विचारा, आपल्याकडं कित्येकांनी असले कार्यक्रम केबलवर हिंदी डबिंगमध्ये पाहिलेत, म्हणजे ज्या आवाजाचं जगभर कौतुक तो त्यांनी ऐकलेलाच नाही, मग प्रभाव पडला तो नेमका कशाचा?

म्युझियममध्ये आहात तर म्युझियमची गोष्ट सांगा, आणि ती आपल्याच मातीतली आहे. रानपिंगळा, म्हणजे घुबडाच्या कुळातला एक छोटा पक्षी, १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला दिसला नव्हता. मधल्या काळात माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं, आपल्याला तो १९१४ ला गुजरातेत मिळाला म्हणून एक नमुना दाखवला होता. पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी जुने नमुने तपासले तर तो चक्क म्युझियममधून चोरलेला जुना पक्षी निघाला, नवं लेबल लावलेला. खोटी जागा बाद झाल्यावर शोध खऱ्या जुन्या जागांकडं वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट ह्यांना तो आपल्या शहाद्याजवळ दिसला. ह्यात अ‍ॅटनबरो कुठंच नाहीत, म्हणूनच ही गोष्ट टेबलावर टाका: पडद्यावरचा आवाज मोठा की कपाटातलं लेबल नीट वाचणारी बाई? पॅनल इथं भांडलं तर भांडू द्या. फक्त पिंगळ्याचं घरटं नेमकं कुठं आहे हे माईकवर कुणी सांगायचं नाही, ही ताकीद आधीच द्या, नाहीतर पुढच्या रविवारी तिथं कॅमेऱ्यांची जत्रा आणि मोबाईलवर पिंगळ्याचा आवाज वाजवणं सुरू.

नुसती आरती ओवाळू नका. १९५४ ला अ‍ॅटनबरोंची पहिली गाजलेली मालिका सुरू झाली ती लंडन झूसाठी प्राणी पकडून आणण्याच्या मोहिमांवर होती, हे आज ऐकून कसं वाटतं ते पावरा पाहुण्याला विचारा. त्यांच्या कार्यक्रमांत माणूस नसलेलं कोरं जंगल दिसतं ही टीका जुनी आहे, आणि सातपुड्यात तर पाडे जंगलातच आहेत. रीलवाल्या पोरीला २०११ चा किस्सा सांगा, त्यांच्या मालिकेतलं ध्रुवीय अस्वलाच्या पिल्लांचं गुहेतलं शूटिंग नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयात झालं होतं आणि त्यावरून ब्रिटनमध्ये गदारोळ झाला, मग खरं आणि बनावट ह्यातली रेषा ती स्वतः कुठं आखते? दुसऱ्या बाजूनं, त्यांच्या २०१७ च्या समुद्रावरच्या मालिकेनंतर तिकडं प्लास्टिकवर केवढी चर्चा झाली तेही सांगा, पण २०१८ ला आपल्याकडं प्लास्टिकबंदी आली म्हणून लगेच दोन्हीचं सूत जुळवू नका, कुणीतरी पुरावा मागेल.

सत्कार, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन दहा मिनिटांत उरका, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत शेवटी ठेवा म्हणजे त्यांनाही ऐकावं लागतं. प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या. माईक फिरवला की एखादे काका प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं व्याख्यान सुरू करतात आणि लाजणारी पोरं गप्पच राहतात. चिठ्ठ्यांतले शाळकरी पोरांचे प्रश्न आधी काढा. इन्व्हर्टर दुपारीच चालवून बघा, आणि दारापाशी हतनूरच्या सकाळच्या फेरीसाठी नावं लिहायची वही ठेवा, निघायची वेळ आणि गाडी कुठून सुटणार हे वर ठळक लिहून.