स्पोर्ट क्वाड मध्येच बंद पडते? आयडल स्क्रूला हात लावण्याआधी या चुका टाळा

क्वाड (चार चाकांची ऑफ-रोड मोटरसायकल) काही इशारा न देता बंद पडायला लागली की बहुतेकांचा हात आधी आयडल स्क्रूकडे, म्हणजे रेस न देता इंजिनाचा वेग (स्लो) ठरवणाऱ्या स्क्रूकडे जातो. स्लो थोडा वाढवला, गाडी धरायला लागली, म्हणजे काम झालं असं वाटतं. पण पायलट जेटमधला (स्लोवर पेट्रोल सोडणाऱ्या कार्बोरेटरच्या बारीक छिद्रातला) कचरा तिथेच असतो. स्लाइड (कार्बोरेटरमधला हवेचा रस्ता उघडणारा सरकता भाग) जरा वर उचलली गेल्यामुळे वरच्या सर्किटमधून थोडं पेट्रोल येतं आणि आजार झाकला जातो, इतकंच. मग रेस सोडल्यावर इंजिन पटकन खाली येत नाही, गिअर टाकताना झटका बसतो आणि काही दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडते. होंडाच्या टीआरएक्स ४००ईएक्सचं आयडलिंग साधारण १४०० आरपीएमला बसतं. तेवढ्यावर ती धरत नसेल, तर स्क्रूपेक्षा दुसरीकडे काहीतरी बिघडलेलं आहे.

म्हणून स्पॅनर काढण्याआधी एकच गोष्ट नीट बघा: गाडी नेमकी कधी बंद पडते? स्लोवर, रेस देताना, गरम झाल्यावर, उतारावर की पाण्यातून गेल्यावर? अर्धं निदान या उत्तरातच असतं.

स्लोवर बंद पडते, पण चोक ओढला की चालते

१९९९ साली आलेली होंडा ४००ईएक्स किंवा २००४ ची यामाहा वायएफझेड ४५० अशा कार्बोरेटरवाल्या गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, एवढं चोक सांगतो. कारणं मुख्यतः दोन. एक तर पायलट जेट तुंबलंय, नाहीतर कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबरी बूटला चीर जाऊन तिथून हवा ओढली जातेय.

जेट तुंबण्याचं मूळ बहुतेक वेळा गाडी उभी ठेवण्यात असतं. कोकणातल्या किनाऱ्यांवरच्या क्वाड पावसाळाभर शेडमध्ये असतात आणि टाकीत जुनं पेट्रोल तसंच राहतं. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं. फ्लोट बाउलखालचा (कार्बोरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीखालचा) ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल एका पारदर्शक बाटलीत काढा आणि बाटली थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर ते पाणी आहे. मग टाकीही रिकामी करावीच लागेल. नुसता कार्बोरेटर साफ करून उपयोग नाही.

पायलट जेट काढून उजेडासमोर धरा. केहिन कंपनीच्या ४२ नंबरच्या जेटचं छिद्र साधारण ०.४२ मिलिमीटरचं असतं. ते पूर्ण गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. इथेच मोठी चूक होते: हाताला लागेल ती तार किंवा सुई आत खुपसली जाते. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं आणि मग ट्यूनिंग कधीच जमत नाही. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, मग कॉम्प्रेसरची हवा मारा. वाळलेल्या पेट्रोलची राळ घट्ट बसली असेल तर नवीन जेट घ्या. कार्बोरेटरच्या अंगातले बारीक मार्गही हवेने उघडे करा, कारण जेट स्वच्छ आणि त्याच्या पुढचा रस्ता बंद, असं सर्रास आढळतं.

सगळं बसवल्यावर एक चाचणी करा. इंजिन गरम असताना मिक्स्चर स्क्रू (स्लोवरचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) हळूहळू पूर्ण आत न्या. जोर लावून आवळू नका, टोक मोडतं. स्लोमध्ये काहीच फरक पडला नाही, तर पायलट सर्किट अजून तुंबलेलंच आहे, किंवा आयडल स्क्रूने स्लाइड जास्त उचलून ठेवलेली आहे.

बूटची चीर शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल फवारणारे लोक आहेत. कृपया हे करू नका, आग लागते. साधं पाणी बारीक फवाऱ्याने बूटभोवती मारा. आवाज बदलला तर हवा तिथूनच जातेय.

रेस देताना गचके खाऊन बंद पडते

वायएफझेड ४५० च्या ३९ मिलिमीटरच्या एफसीआर कार्बोरेटरला अ‍ॅक्सिलरेटर पंप आहे, म्हणजे रेस देताच जास्तीचं पेट्रोल फवारणारा छोटा पंप. त्याचा डायफ्राम (पातळ पडदा) फाटला की अंगठ्याने रेस दाबल्याबरोबर इंजिन धाप टाकतं. कार्बोरेटरच्या तोंडात डोकावून थ्रॉटल उघडा, पेट्रोलची बारीक धार सरळ निघाली पाहिजे.

पण त्याआधी पार्किंग ब्रेक बघा. या गाडीत तो लागलेला असेल तर सिस्टिम आरपीएम वाढूच देत नाही. त्याचा स्विच बिघडला की ब्रेक सुटलेला असूनही इंजिन अडखळतं आणि माणूस कार्बोरेटर खोलत बसतो. जुन्या यामाहांत, विशेषतः बॅन्शीमध्ये, टीओआरएस नावाची व्यवस्था असते: अंगठा सोडल्यावरही कार्बोरेटरची स्लाइड अडकून राहिली तर ती इग्निशन तोडते. थ्रॉटल केबलची सेटिंग चुकली किंवा स्विच झिजला की ही व्यवस्था विनाकारण इंजिन बंद करते. वायर कापून ती काढून टाकणं सोपं आहे, पण अडकलेल्या थ्रॉटलवर क्वाड काय करू शकते हे ज्याने पाहिलंय, तो आधी केबल नीट करेल. मनगटाला बांधायच्या किल स्विचचंही (चालक पडला की इंजिन बंद करणाऱ्या) तेच. खडबडीत जमिनीवर झटक्यासरशी गाडी बंद पडत असेल, तर त्याचं कनेक्टर आणि फ्रेमवरची अर्थिंग साफ करा. स्विच उपटून फेकू नका.

थोडं चालते, मग बंद. थांबलं की पुन्हा सुरू

टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाची व्हेंट नळी बंद आहे. ही नळी बऱ्याच गाड्यांत हँडलच्या मधल्या नळीत खोचलेली असते. शेडमध्ये उभ्या गाडीच्या या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. तोंडाने फुंकून हवा जाते का बघा. याच नात्याने पाण्यातून गेल्यावर बंद पडणाऱ्या गाडीच्याही नळ्या बघायला हव्यात: कार्बोरेटरच्या खाली लोंबणाऱ्या व्हेंट नळ्यांची टोकं पाण्यात बुडली की बाउलमध्ये हवा पोचत नाही आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. त्या वर नेऊन बांधल्या की झालं.

झाकण उघडूनही फरक नसेल, तर ठिणगी तपासा, आणि ती बंद पडल्या क्षणीच. गरम झाल्यावर स्टेटर (वीज तयार करणारी कॉइल) किंवा पिकअप कॉइलची (ठिणगीचा इशारा देणारी) वायर आतून तुटक होते आणि थंड झाली की जुळते. घरी आणून सकाळी तपासलं तर सगळं ठीकच दिसणार. प्लग काढून हेडच्या धातूला टेकवा, मात्र प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी नसेल तर मल्टिमीटरने कॉइलचा रेझिस्टन्स गरम असतानाच मोजा. न मोजता थेट सीडीआय (ठिणगी नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलणं हा पैशाचा शुद्ध अपव्यय आहे.

रॅप्टर ७००आर सारख्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला जेट नाही.  तिथे चावी फिरवल्यावर टाकीतला पंप गुणगुणतो का, ते ऐका आणि बॅटरीचा व्होल्टेज बघा.

गरम असताना बंद पडते आणि मग सुरूच होत नाही

थंड असताना एका फटक्यात सुरू होते, गरम झाल्यावर स्लो घसरतो, बंद पडली की स्टार्टर नुसता फिरत राहतो. हे लक्षण दिसलं तर कार्बोरेटर सोडा आणि टॅपेट बघा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट (क्लिअरन्स). वाळू खाल्लेल्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह सीटमध्ये आत बसत जातात आणि क्लिअरन्स कमी होतो. इंजिन गरम झालं की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. वायएफझेड ४५० ला पाच टायटॅनियम व्हॉल्व्ह आहेत, तिथे हे जास्त जाणवतं. फीलर गेजने मोजायचं ते इंजिन रात्रभर थंड झाल्यावर. ४००ईएक्सला इनटेक ०.१० आणि एक्झॉस्ट ०.१२ मिलिमीटर असतो आणि स्क्रूने तो घरीही बसवता येतो. वायएफझेडला शिम (ही फट ठरवणाऱ्या छोट्या चकत्या) बदलावे लागतात, ते काम जाणत्या मेकॅनिकचं. शिम बदलूनही क्लिअरन्स काही तासांच्या रायडिंगमध्ये पुन्हा कमी झाला, तर व्हॉल्व्ह संपलेत. हेड उतरवायचं आणि त्याच वेळी एअरबॉक्सचं झाकण, फिल्टरचा फोम आणि त्यावरचं तेलही बघायचं, कारण वाळू आली ती तिथूनच.