फाइंडर उजेडातच जुळवून ठेवा

सूर्यास्ताआधी तासभर दुर्बीण बाहेर काढा, कारण पहिलं काम, म्हणजे फाइंडर (मोठ्या दुर्बिणीवर बसवलेली, नेम धरायची छोटी दुर्बीण) मोठ्या दुर्बिणीशी जुळवणं, उजेडातच नीट होतं. २५ मिलिमीटरचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावा आणि अर्धा किलोमीटर तरी लांब असलेली एखादी स्थिर खूण, मनोऱ्याचं टोक म्हणा, दृश्याच्या बरोबर मधोमध आणा. सूर्याच्या बाजूला दुर्बीण वळवूच नका. इवल्याशा फाइंडरमधूनही सूर्य दिसला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. मग दुर्बीण जराही न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून तीच खूण फाइंडरमधल्या तारांच्या फुलीवर घ्या. एक स्क्रू सैल केल्याशिवाय समोरचा आवळू नका. आता १० मिलिमीटरचा आयपीस लावून हेच पुन्हा करा. हा दुसरा फेरा अनेकजण टाळतात आणि मग रात्रभर चाचपडत बसतात.

रेड डॉट (आकाशावर लाल ठिपका दाखवणारा फाइंडर) वापरत असाल तर जास्तीचा सेल खिशात हवा, आणि ठिपका अगदी मंद ठेवा, नाहीतर अंधुक तारे त्याच्या उजेडात हरवतात.

अंधार पडला की ध्रुवताऱ्यावर ताळा करा. तो जागचा जवळजवळ हलत नाही, म्हणून स्क्रू फिरवताना निसटत नाही. फाइंडरमध्ये तारा पसरट दिसला तर पुढच्या भिंगामागची कडी सैल करून भिंग फिरवा आणि टिंब झालं की कडी घट्ट करा.

नकाशाही तयार हवा. सरळ नळीच्या फाइंडरमध्ये आकाश उलटं दिसतं, तेव्हा नकाशा उलटा धरला की जुळतं. काटकोनी फाइंडरमध्ये साधा आरसा असेल तर डावं-उजवं बदलतं, आणि कागद कितीही फिरवला तरी जुळत नाही. तिथे आरशातली प्रतिमा छापलेला नकाशाच लागतो. ८×५० (आठपट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगाच्या) फाइंडरमध्ये साधारण ५ ते ६ अंश आकाश मावतं. तेवढं वर्तुळ नकाशाच्याच मापाने पारदर्शक कागदावर काढून ठेवा, म्हणजे एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर किती उड्या घ्यायच्या ते आधीच मोजता येतं.

पहिल्या रात्रीसाठी देवयानी दीर्घिका घ्या. भाद्रपदा चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यापासून निघालेल्या रांगेतला दुसरा तारा मिराक. तिथून वायव्येला म्यू हा तारा, त्याच दिशेला पुढे न्यू हा तारा (नकाशात ही ग्रीक अक्षरं μ आणि ν अशी असतात). दोन्ही उड्या फाइंडरच्या दृश्यात मावतात. न्यूच्या शेजारी धुरकट, लांबट डाग दिसेल. तो फुलीवर आणा आणि मगच डोळा मोठ्या दुर्बिणीला लावा.