बर्लिनचे चार दिवस: वार, तिकीट, चित्रं आणि रात्र

व्हिसा, विमा, विमानाचं तिकीट झालेलं आहे असं धरून चालते. हॉटेल रिंगबानच्या, म्हणजे शहराभोवती गोल फिरणाऱ्या एस-बान या लोकल रेल्वेच्या, आत घ्या. बाहेर खोली स्वस्त मिळते, पण वाचलेले पैसे रात्री परतताना टॅक्सीत जातात.

पहिली पायरी: वार

स्थळांची यादी करण्याआधी वार मांडा. रविवारी सुपरमार्केट आणि दुकानं बंद. हाउप्टबानहोफ या मुख्य स्टेशनासारख्या मोठ्या स्टेशनातली काही दुकानं आणि कोपऱ्यावरच्या 'श्पेटी', म्हणजे उशिरापर्यंत चालणारी छोटी दुकानं, तेवढी उघडी असतात. सोमवारी बहुतेक सरकारी संग्रहालयं बंद. हुम्बोल्ट फोरम हे संग्रहालय मात्र सोमवारी उघडं आणि मंगळवारी बंद. त्यामुळे सोमवार बर्लिनच्या भिंतीला द्या: बेर्नाउअर श्ट्रासेचं स्मारक, ईस्ट साइड गॅलरीचा १.३ किलोमीटरचा चित्रांनी भरलेला तुकडा आणि भिंतीलगतचं नाझी दहशतीवरचं प्रदर्शन टोपोग्राफी ऑफ टेरर. तिन्ही ठिकाणी तिकीट नाही. तीन दिवसांचा म्युझियम पास सलग दिवसांसाठी असतो. तो रविवारी सुरू केला की सोमवार जवळजवळ फुकट गेला.

जुन्या लेखांतले दोन सल्ले आता निरुपयोगी आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी संग्रहालयं मोफत असण्याची योजना २०२४च्या अखेरीस बंद झाली. पेर्गामॉन संग्रहालय दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२३पासून बंद झालं आणि त्याचं काम टप्प्याटप्प्यानं चालणार आहे. तिथे काय उघडलं आहे ते पाहिल्याशिवाय त्याच्यासाठी दिवस राखून ठेवू नका.

दुसरी पायरी: राइशस्टागचा घुमट

राइशस्टाग म्हणजे संसदेची इमारत. तिच्या घुमटात जाणं मोफत आहे, पण आधी ऑनलाइन नोंदणी हवी. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा आणि मूळ पासपोर्ट बरोबर न्या.

तिसरी पायरी: तिकीट

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, कारण स्टेशनवर अडवणारं काहीच नसतं. ना गेट, ना खिडकीपाशी कुणी. मुंबई लोकलची सवय असलेल्याला हे ओळखीचं वाटतं आणि गडबड तिथेच होते. लोकलचं तिकीट खिडकीवर हातात पडलं की काम झालं. बर्लिनमध्ये मशीनमधून निघालेलं कागदी तिकीट शिक्का मारेपर्यंत तिकीटच नसतं. त्यावर 'बिटे एन्टव्हेर्टेन', म्हणजे 'कृपया शिक्का मारा', छापलेलं असेल, तर ते स्टॅम्पिंगच्या पेटीत सरकवायचं. यू-बानच्या, म्हणजे मेट्रोच्या, फलाटावर या पेट्या पिवळ्या असतात, एस-बानच्या लाल. बस आणि ट्रॅममध्ये पेटी आतच असते. बाणाची बाजू आत घाला, खट्ट आवाज येऊ द्या, मग तिकीट डोळ्यांसमोर धरून तारीख, वेळ आणि स्टेशन उमटलंय का ते बघा. काही उमटलं नसेल तर दुसरी पेटी शोधा. गाडी सुटली तरी चालेल, पुढची काही मिनिटांत येते.

तपासनीस अनेकदा साध्या कपड्यांत असतात. शेजारी उभा असलेला जीन्समधला माणूस दार बंद झाल्यावर ओळखपत्र काढतो. दंड ६० युरो. 'मी पर्यटक आहे', 'हे बघा, आत्ताच विकत घेतलंय' यातलं काहीही चालत नाही. त्यांच्या दृष्टीनं शिक्का नसलेलं तिकीट पुन्हा वापरता येतं, म्हणून ते न काढल्यासारखंच. अ‍ॅपवरच्या तिकिटाला शिक्का लागत नाही, पण ते गाडीत पाय ठेवण्याआधी घेतलेलं असावं लागतं. तपासनीस दिसल्यावर घेतलेलं चालत नाही. फोनची बॅटरी संपली तर तिकीट दाखवता येत नाही, आणि ती जबाबदारी तुमची. दिवसभर फोटो काढणाऱ्यानं म्हणूनच कागदी तिकीट घ्यावं.

आता झोन. रिंगबानच्या आत ए, शहराच्या हद्दीपर्यंत बी, त्यापलीकडे सी. शहरात फिरायला एबी पुरतं. विमानतळ आणि पोट्सडाम मात्र सी झोनमध्ये आहेत, तिथे एबीसी लागतं. विमानतळावरून हाउप्टबानहोफला जाणाऱ्या एफईएक्स गाडीला एबीसीचं साधं तिकीट चालतं, वेगळं महागडं काही घ्यावं लागत नाही. एबीचा पास आधीच असेल आणि पोट्सडामला जायचं असेल, तर पूर्ण तिकीट काढू नका. फक्त सी झोनचं पुरवणी तिकीट, 'आन्श्लुस', घ्या.

एकेरी तिकीट दोन तास चालतं. गाड्या बदलता येतात, मध्ये उतरताही येतं, पण त्यावर परत फिरता येत नाही. आलेक्झांडरप्लात्सहून झू स्टेशनला जाऊन अर्ध्या तासात त्याच तिकिटावर माघारी आलात, तर तुम्ही विनातिकीट आहात. 'कुर्त्सश्ट्रेक' हे स्वस्त तिकीट यू-बान किंवा एस-बानला फक्त तीन स्थानकं, बस-ट्रॅमला सहा थांबे चालतं. स्थानकं मोजता येत नसतील तर त्याच्या वाट्याला जाऊ नका.

माझं स्पष्ट मत: २४ तासांचं तिकीट घ्या. दिवसातला तिसरा प्रवास झाला की ते फायद्यात पडतं. ते मध्यरात्री संपत नाही, शिक्क्याच्या वेळेपासून २४ तास मोजतात. सकाळी ११ला मारलेल्या शिक्क्यावर रात्रीचा परतीचा प्रवास आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला फेराही निघतो. शिक्का एकदाच. दर वेळी मारत बसलात तर आधीची वेळ वाचता येत नाही आणि वाद ओढवून घ्याल.

चौथी पायरी: चित्रं

नॉयेस म्युझियममधला इजिप्तच्या नेफरतिती राणीचा पुतळा बघायचाच, सकाळची पहिली वेळ आरक्षित करून. त्या दालनात फोटोला बंदी आहे, ते बरंच आहे. फोन खिशात राहिला की तिच्या डाव्या डोळ्यात बुबुळ बसवलेलं नाही, हे नीट दिसतं.

पण एकाच संग्रहालयाला वेळ असेल, तर गेमेल्डेगॅलरी हे जुन्या युरोपीय चित्रांचं संग्रहालय निवडा. तिथे गर्दी कमी असते, आणि रेम्ब्रांट, व्हर्मीर, कॅराव्हॅजिओ यांच्यासमोर हवा तितका वेळ उभं राहता येतं. ब्रॉयगेलचं १५५९चं म्हणींचं चित्र शोधा. एका गावात शंभराहून जास्त म्हणी माणसांनी जगून दाखवल्या आहेत: कुणी भिंतीवर डोकं आपटतोय, कुणी वासरू बुडाल्यावर विहीर बुजवतोय. आपल्या वरातीमागून घोड्याचा तो डच भाऊबंद. या चित्राला अर्धा तास द्या. आधुनिक कलेसाठी शेजारचीच नॉय नॅशनलगॅलरी, मीस व्हान डेर रोहे यांची १९६८ची काचेची इमारत. गुरुवारी ती रात्री ८ पर्यंत उघडी असते.

मराठी वाचकासाठी एक आडवाट: इरावती कर्वे यांनी जिथे संशोधन केलं ती डालेममधली मानववंशशास्त्र संस्थेची इमारत इहनेश्ट्रासे २२ इथे आहे. यू-३ने फ्राय युनिव्हर्सिटेट स्थानकाला उतरा.

पाचवी पायरी: खाणं

मांसाहारी असाल तर करीवुर्स्ट (करी सॉसमधलं सॉसेज), ड्योनर (पावातलं भाजलेलं मांस) आणि केपर्सच्या पांढऱ्या सॉसमधले मांसाचे गोळे, क्योनिग्सबेर्गर क्लोप्से, खा. इतकं पुरे.

शाकाहाऱ्यांनी मात्र सावध राहावं. 'गेम्यूजे केबाप' हे नाव भाजीचं असलं, तरी बहुतेक ठिकाणी त्यात कोंबडी असते, भाजी फक्त सोबतीला. ब्राटकार्टोफेल्न या परतलेल्या बटाट्यांत डुकराच्या चरबीचे तुकडे, 'श्पेक', सर्रास असतात. मसुराच्या सूपमध्ये सॉसेज पडलेलं असतं. सरळ फलाफल किंवा पावातलं हालूमी चीज घ्या, किंवा केजेश्पेत्सले (चीजमधल्या शेवया) आणि सफरचंदाच्या गरासोबतचे कार्टोफेलपुफर (बटाट्याची धिरडी). 'ओने फ्लाइश, ओने श्पेक' (मांस नको, श्पेक नको) इतकं म्हणता आलं तरी काम भागतं.

रोकड ठेवा. कितीतरी टपऱ्या कार्ड घेत नाहीत. टिप टेबलावर ठेवून निघून जायचं नसतं. बिल १८ युरो असेल तर पैसे देतानाच 'त्स्वान्त्सिश', वीस, म्हणायचं. रिकाम्या बाटल्या फेकू नका: प्लॅस्टिकच्या बाटलीचे आणि कॅनचे २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८ सेंट सुपरमार्केटमधल्या मशीनवर परत मिळतात.

सहावी पायरी: रात्र

मध्यरात्रीआधी क्लबला जाण्यात अर्थ नाही. बेर्गहाइन या प्रसिद्ध टेक्नो क्लबचा मुख्य कार्यक्रम शनिवारी मध्यरात्री सुरू होऊन सोमवार सकाळपर्यंत चालतो, त्यामुळे रविवारी दुपारी जाणं अजिबात विचित्र नाही. पाच-सहा जणांच्या घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत रांगेत उभं राहू नका. दोघं जा, आत कोण वाजवतंय ते माहीत करून घ्या. दारावर नकार मिळाला तर कारण विचारू नका, हुज्जत तर अजिबात नको. आत गेल्यावर फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. ते काढून फोटो घेतला की बाहेर काढतात. टेक्नो नको असेल तर शार्लोटेनबुर्गमधला ए-ट्रेन जॅझ क्लब, किंवा १९१३पासूनचं नाचघर क्लेअर्शेन्स बालहाउस.

शुक्रवारी आणि शनिवारी यू-बान, एस-बान रात्रभर चालतात. इतर रात्री साधारण एकनंतर यू-बान थांबते आणि तिच्या मार्गांवर 'एन' अक्षराच्या बस धावतात. यू-८ऐवजी एन-८, असा साधा हिशोब. थांबा रस्त्यावर असतो, खाली उतरू नका.