जिनिंगमधल्या बाया आणि कायदा: हंगामाआधी कागद लावून ठेवा

मुकादमाने आणलेल्या बाया आपल्या मजूर नाहीत, असं धरून चालणं ही जिनिंगमालकाला (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीच्या मालकाला) सगळ्यात महाग पडणारी चूक. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात रोजंदारीची, हंगामी, ठेकेदारामार्फत आलेली बाईसुद्धा कर्मचारीच आहे. म्हणून हजेरीपट दोन ठेवू नका. मुकादमाच्या बायांची नावं, मजुरीचा दर आणि रोजची हजेरी आपल्याच दप्तरात उतरवा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती शेवटी तुमच्याच गळ्यात येते.

दहा किंवा जास्त माणसं कामावर असली की लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते. हे दहा जण मोजताना पुरुषही धरा. अध्यक्ष वरच्या पदावरची बाई हवी. गिरणीत अशी कुणी नसेल तर दुसऱ्या आस्थापनेतून घेता येते. किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांपैकी, एक बाहेरचा, महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतला. एकूण सदस्यांत निम्म्या तरी बाया हव्यात. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. मालकाचा मेहुणा किंवा गिरणीचा वकील बाहेरचा सदस्य म्हणून बसवला, तर तक्रार आल्यावर पहिला आक्षेप त्याच्यावरच येतो. नेमणुकीचा आदेश मराठीत छापून वजनकाट्याजवळ लावा. ऑफिसच्या कपाटातला आदेश उपयोगाचा नाही. समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दुसऱ्यांदा सापडलात तर दंड दुप्पट आणि परवाना जाण्याचीही वेळ येऊ शकते. दहापेक्षा कमी मजूर असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी यावी. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यासाठी मदत करणं समितीचं काम आहे, तिला परत पाठवू नका. सात कामाच्या दिवसांत प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला द्यायची, त्याने दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, चौकशी ९० दिवसांत संपवायची. सुनावणीत वकील चालत नाही. अहवाल आल्यावर मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची. गाडी फसते ती इथं: गावातले चार जण बसवून पैसे देऊन मिटवलं जातं. समेट फक्त बाईने मागितला तरच होतो, आणि पैशांवर होतच नाही. चौकशी चालू असताना तिचा रोज बंद करणं म्हणजे दुसरी तक्रार ओढवून घेणं.

मजुरीचं पाहा. रेच्याला (सरकी काढणाऱ्या यंत्राला) कापूस घालण्याचं काम बाई-माणूस दोघंही करत असतील तर रोज एकच. गाठी उचलण्याचा दर वेगळा असू शकतो, पण काम खरंच वेगळं असायला हवं. हजेरीपटावर नुसतं नाव बदलून चालत नाही. आणि समानता आणायची म्हणून पुरुषांचा रोज कमी करता येत नाही, वेतन संहितेत तशी मनाई आहे.

बाळंतपणाची रजा हंगामी मजुरांना नाही, हा समज सर्वत्र आहे. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं की हक्क लागतो, आणि दसऱ्यापासून माघापर्यंत हजेरी असलेल्या बाईचे ८० दिवस केव्हाच भरतात. रजा २६ आठवडे. दोन किंवा जास्त अपत्यं हयात असतील तर १२. गर्भार आहे म्हणून नाव कापलं तर हजेरीपट तुमच्याच विरुद्ध पुरावा होतो. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असेल तिथे लाभ तिकडून मिळतो, पण नुसतं जिनिंग करणाऱ्या हंगामी कारखान्याला ती लागू नसते.

मेळघाटातून आलेल्या कोरकू आदिवासी बायांना अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या मुकादमाने जातीवरून चारचौघात शिवी दिली, तर ते समितीच्या हातचं राहत नाही. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा लागतो, अटकपूर्व जामिनाला त्या कायद्याचं कलम १८ आडवं येतं. मुकादमाच्या करारातच हे लिहून ठेवा आणि त्याला वाचून दाखवा. वर्षाचा अहवाल समितीने जिल्हा अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. तक्रार एकही नसली तरी शून्य लिहून द्या.