कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीसाठी: टॅरिफच्या काळात निर्यातीचा दर कसा काढावा

महासत्तांच्या भांडणाचं बिल शेवटी कास्टिंगच्या (धातूच्या ओतीव भागांच्या) दरात येतं. अमेरिकेने जून 2025 मध्ये पोलादावरचं आयातशुल्क 25 वरून 50 टक्के केलं. त्यामुळे कोटेशनआधी आपला माल नेमक्या कोणत्या एचएस कोडखाली (मालाचं शुल्क ठरवणारा वर्गीकरण क्रमांक) येतो आणि त्या दिवशीचा शुल्काचा दर काय, हे खरेदीदाराच्या कस्टम ब्रोकरकडून लेखी घ्या. कोड चुकला तर सगळा हिशेब कोसळतो.

दर एफओबी न्हावा शेवा द्या, म्हणजे न्हावा शेवा बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च तुमचा, पुढचा खरेदीदाराचा. डीडीपी (आयातशुल्क भरून माल पोहोचवण्याची अट) मान्य केलं की शुल्क तुमच्या गळ्यात.

खरेदीदार सवलत मागणारच. तेव्हा घाईने आकडा बोलू नका. 100 डॉलरचा माल 50 टक्के शुल्काने त्याला 150 ला पडतो. त्याला 130 ला हवा असेल, तर 20 डॉलर सोडायचे नाहीत; 130 भागिले 1.5, म्हणजे दर 86.67 डॉलर, सूट फक्त 13.33. अनेकजण इथेच नाहक मार्जिन घालवतात.

तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा पडला, तर युरोपचा माल साधारण दोन आठवडे उशिरा पोहोचतो. 20 लाखांच्या मालावर वार्षिक 12 टक्क्यांनी 14 दिवसांचं व्याज सुमारे 9,200 रुपये. तेही दरात धरा. कोटेशनची मुदत 15 दिवसच ठेवा.