विदर्भाच्या अंगणात वेगळ्या वाणांची स्ट्रॉबेरी

विदर्भात स्ट्रॉबेरीचा विषय निघाला की चिखलदऱ्याचे नाव येते आणि ते योग्यच आहे. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या त्या थंड हवेला हे पीक मानवते. मात्र अकोला, वर्धा किंवा चंद्रपूरकडच्या गावात, जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तिथे वाणाची निवड पाकिटावरचे चित्र पाहून नव्हे, तर आपले पाणी, आपली माती आणि आपला जेमतेम चार महिन्यांचा हिवाळा पाहून करावी लागते.

घरच्या बागेसाठी माझी पहिली पसंती अल्पाइन स्ट्रॉबेरीला आहे. बाजारातली मोठी स्ट्रॉबेरी ही अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दोन अमेरिकी जातींच्या संकरातून आलेली असल्यामुळे तिच्या बियांपासून मूळ वाणासारखे रोप मिळत नाही; ती रनरपासूनच, म्हणजे रोपातून जमिनीलगत पसरणाऱ्या आणि टोकाला नवे रोप धरणाऱ्या फुटव्यापासूनच वाढवावी लागते. अल्पाइनचे बी मात्र मूळ वाणाला बरेचसे धरून राहते. तिचे ‘र्‍यूगेन’ हे लाल आणि ‘यलो वंडर’ हे फिकट पिवळ्या फळांचे वाण रनर सोडत नाहीत, त्यामुळे ते कुंडीत आटोपशीर राहतात. फळ बोटाच्या पेराएवढेच असते, पण त्याचा सुगंध मोठ्या फळात सापडत नाही. दुसरा पर्याय पाइनबेरीचा आहे. तिच्या पांढऱ्या फळावर लाल बिया असतात. रोपे मात्र खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत आणि जवळ लाल स्ट्रॉबेरीची दोन-तीन रोपे ठेवावीत, म्हणजे परागीभवन चांगले होते.

ऑनलाइन मिळणाऱ्या निळ्या स्ट्रॉबेरीच्या बियांवर पैसे घालवू नयेत, कारण निळी स्ट्रॉबेरी अस्तित्वातच नाही. तसेच ‘रानटी स्ट्रॉबेरी’ म्हणून घेतलेल्या रोपाला पिवळे फूल आले, तर ती दिसायला सारखी पण बेचव असणारी वेगळीच वनस्पती आहे, असे समजावे.

अल्पाइनचे बी राखीपौर्णिमेच्या सुमारास ओलसर कागदात गुंडाळून, डबीत बंद करून फ्रीजमध्ये ठेवावे आणि पोळा झाला की पेरावे. या गारव्यामुळे उगवण एकसारखी होते. हे बी खसखशीएवढे बारीक असते आणि त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून ते मातीने झाकू नये. चाळलेल्या, ओल्या मिश्रणावर भुरभुरून हलकेच दाबावे. वरून झारीने पाणी घातल्यास बी वाहून जाते, त्यामुळे ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल द्यावी. उगवायला दोन ते चार आठवडे लागतात. पाच-सहा पाने आली की रोपे आठ इंची कुंडीत हलवावीत. रनरची रोपे दसरा ते दिवाळीच्या दरम्यान लावावीत. लावताना पाने जिथून फुटतात तो गड्डा मातीच्या बरोबर पातळीवर राहील हे नीट पाहावे. तो गाडला गेला तर सडतो आणि उघडा राहिला तर मुळे सुकतात.

खरी अडचण माती आणि पाण्याची आहे. स्ट्रॉबेरीला ५.५ ते ६.५ सामू (मातीची आम्लता दाखवणारा आकडा, pH) मानवतो, तर आपली काळी माती बहुधा विम्लधर्मी, म्हणजे चढ्या सामूची असते, पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. म्हणून थेट जमिनीत न लावता कुंडीत, क्रेटमध्ये किंवा उंच वाफ्यात लावावे. त्यात कोकोपीट, चांगले कुजलेले शेणखत आणि धुतलेली वाळू यांचे मिश्रण भरावे. भंडारा-गोंदियाकडे भाताचे तूस सहज मिळते, तेही मिसळता येते. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर रोपाला लोह मिळत नाही आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा चढलेल्या सामूत असते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर बोअरचे पाणी देऊच नये, कारण स्ट्रॉबेरीला क्षार अजिबात सोसत नाहीत: आधी पानांच्या कडा करपतात, मग कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागतो. पावसाचे पाणी टाकीत साठवून हिवाळ्यात तेच पुरवून वापरावे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे वाया पाणी झाडांना घालण्याची पद्धत अनेक घरी आहे. त्यात क्षार अधिकच साठलेले असतात, म्हणून ते इथे टाळावे.

फुले लागल्यावर रोपाखाली तणस अंथरावी, म्हणजे फळ मातीला टेकून कुजत नाही. एखादे फळ एका बाजूने फुगलेले आणि दुसऱ्या बाजूने आखडलेले दिसले, तर ते जवळून पाहावे. फुगलेल्या बाजूच्या बिया ठसठशीत आणि आखडलेल्या बाजूच्या बारीक, पोकळ आढळतात. जिथे पराग पोहोचला नाही तिथे गर भरत नाही. मधमाश्या कमी असतील तर सकाळी मऊ कुंचला फुलाच्या मधोमध गोल फिरवावा.

पिवळी आणि पांढरी फळे कधी तोडावीत हे रंगावरून चटकन कळत नाही. पाइनबेरीच्या बिया लाल होऊन फळावर किंचित गुलाबी झाक आली की ती तोडावी. पिवळी अल्पाइन मऊ पडून वास सुटला आणि हलक्या स्पर्शाने देठापासून सुटू लागली की खावी.

मार्चमध्ये ऊन तापू लागले की कुंड्या आंब्याच्या किंवा कडुलिंबाच्या सावलीत, हिरव्या जाळीखाली हलवाव्यात आणि आलेली फुले खुडावीत. या काळात पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड येते. पाने दोन्ही बाजूंनी पाण्याने धुतल्यास ती आटोक्यात राहते. सर्व रोपे उन्हाळा काढतीलच असे नाही, म्हणून फेब्रुवारीतच चांगल्या फळांचे बी वाळवून ठेवावे. जी अल्पाइन रोपे तगतील, त्यांचे गड्डे पावसाळा ओसरताना मुळांसकट वेगळे करून नव्या कुंड्यांत लावता येतात.