छोट्या हत्तीतून बुलेट नेताना: बांधणी आणि उतरवणं

साताऱ्याहून पुण्याला बुलेट पाठवायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष ती टेम्पोत चढवण्याकडे असतं. खरा धोका उतरवताना असतो, कारण तेव्हा गाडी स्वतःच्या वजनानं खाली यायला बघते.

रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, लांबी २,१४५ मिलिमीटर, म्हणजे सात फुटांहून थोडी जास्त. टेम्पो ठरवण्याआधी हौदा आतून टेपनं मोजा. हौद्याची मागची झडप, म्हणजे फाळका, लागणार नसेल तर सरळ मोठी पिकअप सांगा.

हौदा जमिनीपासून अडीच फूट असेल तर फळी किमान आठ फुटांची हवी, दोन इंच जाड. आखूड फळीवर चढ उभा होतो आणि हौद्याच्या कडेला गाडीचं पोट टेकतं. फळीचं वरचं टोक हौद्याला दोरीनं बांधाच. मागचं चाक वर जाताना फळी मागं सरकते आणि गाडी मधल्यामध्ये खाली येते. जवळपास माल भरायचा धक्का किंवा उंच बांध असेल तर टेम्पो तिथं लावा, चढच उरत नाही.

बांधायला चार रॅचेट पट्टे, म्हणजे खटक्यानं आवळत जाणारे पट्टे. सुती दोरी नको, ती ताणते आणि वाटेत सैल पडते. पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला सरळ टेकवा, पहिला गिअर टाका, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करा. साइड स्टँड वर घ्या. स्टँडवर उभी गाडी घट्ट आवळली की प्रत्येक खड्ड्याचा मार स्टँडच्या जोडावर बसतो.

पुढचे दोन पट्टे खालच्या टीला (पुढच्या दोन्ही शॉकॉपना धरून ठेवणारा खालचा जोड) अडकवा आणि दोन्ही बाजूंना पुढं तिरके खाली ओढा. हँडलला बांधू नका: हँडल क्लॅम्पमध्ये फिरतं, केबल दबतात. दोन्ही बाजू आलटून-पालटून थोड्या थोड्या आवळत शॉकॉप साधारण निम्मे दाबले गेले की थांबा. पूर्ण दाबले तर ऑइल सील (शॉकॉपमधलं तेल अडवणारी रबरी रिंग) फुटू शकतात. अगदीच कमी दाबले तर खड्ड्यात गाडी खाली दबते, पट्टा ढिला पडतो आणि उघडा हूक निसटतो. मागचे दोन पट्टे चॅसीला किंवा चिमट्याला (मागचं चाक धरणारा सांगाडा) लावा, त्यांचं काम फक्त मागचा भाग बाजूला सरकू न देणं. पट्टा रंगाला लागतो तिथं जाड कापड ठेवा. निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरवर थांबून चारही पट्टे पुन्हा ओढून बघा. पहिल्या काही धक्क्यांत गाडी बसते आणि पट्टे सैल होतात.

उतरवायला तीन माणसं हवीत. टेम्पो सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला. आधी मागचे पट्टे सोडा. मग एकानं सीटवर बसून किंवा शेजारी उभं राहून गाडी घट्ट धरावी आणि त्यानंतरच पुढचे पट्टे, दोन्ही बाजू सारख्या, हळूहळू ढिले करावेत. एक बाजू झटक्यात सोडली तर दाबलेले शॉकॉप गाडीला दुसऱ्या बाजूला फेकतात.

आता ब्रेक. गाडी उलटी उतरताना वजन खालच्या, म्हणजे मागच्या चाकावर येतं. पुढचं चाक हलकं असतं, त्यामुळे पुढचा ब्रेक दाबला तरी ते चाक फळीवर घसरतं. शेजारून चालताना मागच्या ब्रेकच्या पेडलवर पाय पोचत नाही. म्हणून इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि क्लच हाच ब्रेक: दाबला की गाडी सरकते, सोडला की मागचं चाक धरून थांबते. वीत-वीत सोडत या. दुसऱ्यानं पलीकडून कॅरिअर धरायचं. तिसऱ्यानं फळीवर लक्ष ठेवायचं, पण गाडीच्या मागं सरळ रेषेत उभं राहायचं नाही.

खाली आल्यावर शॉकॉपच्या नळीवर तेलाचं कडं दिसतं का ते बघा आणि हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून केबल मोकळ्या आहेत याची खात्री करून मगच किल्ली फिरवा.